बाब क्रमांक नऊ

नोकरी सोडल्यानंतरच्या सदतीस दिवसांत मी रोज सरासरी चार तास दहा मिनिटे झोपले. नोकरीत असताना ही सरासरी पाच तास होती. नोकरी सोडली होती ती झोप मिळावी म्हणून. त्यामुळे आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या बाईला हा निकाल अपमानास्पद वाटणे साहजिक होते.

एकोणीस वर्षे मी वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात पाळीप्रमुख होते. निरोपाच्या दिवशी मुख्य अभियंता म्हणाले होते, "बाई, पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत तुमची जागा भरत नाही. विचार बदलला तर नुसतं कळवा." तेव्हा मी हसले होते. आता पंचवीस तारीख उजाडली होती आणि हसू येत नव्हते. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा आहे. उरलेल्या दिवसांत झोप सुधारली नाही, तर तीस तारखेला परत जायचे, असे मी ठरवून टाकले आणि सकाळच्या चहाबरोबर मावशीच्या कानावर घातले.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे तिने लोकांचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मशीनवर चादर टाकून ती माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून तीही फारशी झोपत नाही. फरक इतकाच, की ती त्याची नोंद ठेवत नाही.

"झोपायला वही लागते हे मी पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "कोमट दूध, गार खोली, तळपायाला तेल. आणि हे सगळं वेगवेगळ्या दिवशी का?"

"एकदम केलं तर कशानं गुण आला ते कसं कळणार?"

"आलाय कुठे पण गुण?"

मात्र सदतीस नोंदींतले दोन आकडे बाकीच्यांत बसत नव्हते. अकराव्या दिवशी सात तास वीस मिनिटे, सव्विसाव्या दिवशी साडेसात तास. असे आकडे गाळून टाकण्याचा मोह होतो. मी तो आवरला. दूध एकदा होते, एकदा नव्हते. खोली एकदा गार, एकदा उकाड्याची. दुपारभर वही चाळल्यावर समासातल्या दोन बारीक ओळींनी लक्ष वेधले. अकराव्या दिवशी न्हाणीघरातला पाइप फुटला होता आणि प्लंबर म्हणाला होता, "ताई, तुम्ही झोपा. मुख्य नळ माझ्या ताब्यात आहे." सव्विसाव्या दिवशी धाकटा भाऊ मुक्कामाला होता, त्याला मॅच बघायची होती, दारखिडक्या तोच बघणार होता.

दोन निरीक्षणांनी काही सिद्ध होत नाही. पण त्यांवरून नियंत्रण कक्षातला एक नियम आठवला. तिथे पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. जाणारा एकेक बाब वाचून दाखवतो, येणारा ती स्वतः तपासतो, सही करतो आणि म्हणतो, "चार्ज घेतला." हे दोन शब्द ऐकेपर्यंत शहराचे दिवे तुमचे, त्यानंतर त्याचे. माझी पाच तासांची झोप या दोन शब्दांवर उभी होती. घरात हे शब्द म्हणणारे कोणी नव्हते.

गृहीतक तपासता येण्याजोगे होते. त्या संध्याकाळी मी मावशीला विनंती केली.

"झोप गं तू, मी आहे ना," ती म्हणाली.

झोप: चार तास पंधरा मिनिटे. मावशीचे आश्वासन मायेचे होते, पण त्यात गॅस, दार आणि पाण्याची टाकी यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नऊ बाबींची यादी केली आणि जेवणे आटोपल्यावर मावशीला टेबलाशी बसवले.

"एक. गॅस बंद," मी वाचले.

मावशी उठली. "बघून येते."

"अगं, मी आत्ताच बघितलाय."

"सही कोण करणार आहे, तू का मी? दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी कधी कापड कापलं नाही."

ती स्वयंपाकघरात गेली, नॉब हाताने चाचपून आली. चौथ्या बाबीला, म्हणजे बाल्कनीच्या दाराला, तिने हरकत घेतली. कडी ढिली होती. 'बंद'ऐवजी 'कामचलाऊ बंद' असे लिहून घेतले. एकोणीस वर्षांत इतके चोख चार्ज घेणारे माणूस मला मिळाले नव्हते.

"नऊ," मी थोडी अडखळले. "ऑफिसात परत जायचं की नाही. अनिर्णित."

मावशीने चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे हेही सकाळपर्यंत माझ्याकडे?"

"सकाळपर्यंत."

तिने पूर्ण नावाची सही केली. "चार्ज घेतला."

झोप: आठ तास पाच मिनिटे. सकाळी वहीत मावशीच्या अक्षरात नोंदी होत्या. '११.००. सर्व ठीक. १२.४०. खाली कुत्रा भुंकला, कारण मांजर. २.००. भाची घोरते. उपाय नको. ३.१५. कडीत कागदाची घडी बसवली. आता बंद.'

सत्तावीस तारखेला सात तास चाळीस मिनिटे. अठ्ठावीसला मला उलट चाचणी घ्यायची होती: काहीही न तपासता तिने नुसती सही करावी आणि फरक पडतो का ते पाहावे.

"खोटी सही माझ्याच्यानं व्हायची नाही."

"मावशी, शास्त्रासाठी आहे."

"मग शास्त्राला सांग, ड्युटीवर मी आहे."

तेव्हा माझे गृहीतक शास्त्रीयदृष्ट्या अजूनही सिद्ध झालेले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

तीस तारखेला मला जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप पलंग ओलांडून कपाटापर्यंत गेली होती. दहा वाजले होते. झोप: अकरा तास. हा आकडाही बाकीच्यांत बसत नव्हता. हाही मी गाळला नाही.

मावशी टेबलाशी ताठ बसली होती. वही उघडी, फोन शेजारी.

"बस. चार्ज घे," ती म्हणाली आणि एकेक बाब वाचू लागली. गॅस बंद. टाकी भरलेली. दार बंद, आता खरोखरचे. "बाब नऊ. निकालात काढली."

"काय केलंस?"

"सव्वानऊला तुझ्या साहेबांचा फोन आला. येताय का, विचारत होते. म्हटलं, ती झोपलीय. म्हणाले, आत्ता? सव्वानऊला? म्हटलं, हो, हेच उत्तर समजा."

"मावशी, निर्णय माझा होता."

"रात्री साडेनऊपर्यंत तुझा होता. सही बघ."

सही पाहिली. चार्ज ज्याच्याकडे, निर्णय त्याचा. हा नियम मी नव्या माणसांना स्वतः शिकवला होता. त्यात मला एकही त्रुटी सापडली नाही. खरे सांगायचे तर मी फार शोधलीही नाही.

"ते काय म्हणाले?"

"किती तास झोपते, विचारलं. मी वहीतून वाचून दाखवलं. मग म्हणाले, रविवारी येतो, ती वही जरा बघायचीय."

मी सही केली. "चार्ज घेतला."

मावशीने चष्मा काढून वहीवर ठेवला, आळस दिला आणि आपल्या खोलीत गेली. दोन वर्षांत दिवसा कधी न झोपलेली माझी मावशी दुपारी दीडपर्यंत गाढ झोपली. मी फोनचा आवाज कमी केला आणि वहीत तिच्यासाठी नवा रकाना आखला.