सहावी डिस्क

चारुताने बटण दाबून धरलं. सर्व्हरचे पंखे धापा टाकत थांबले. तिने मनात दहापर्यंत मोजलं आणि तो पुन्हा चालू केला. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"सहा नव्या डिस्क एकत्र जोडायच्या आणि त्यांचं एक मोठं कोठार करायचं, बस," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे हे."

"दोन मिनिटं अकराला सुरू झाली, मॅडम," मिथुन म्हणाला. "आता दोन वाजले."

तो थट्टा करत होता खरा, पण टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता. चारुता ऐरोलीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची आणि राहायची नवीन पनवेलला. तिच्या मुलीच्या बारशाचे फोटो मिथुनने काढले होते, त्या ओळखीवर ती आज रविवार मोडून त्याच्या सुकापूरच्या स्टुडिओत आली होती. ऑफिसात चारशे डिस्क तिच्या धाकात असत. इथे सहा डिस्कांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. 'स्टोरेज पूल तयार होत आहे' असं सांगणारी पट्टी चार टक्क्यांवर जी बसली होती, ती ढिम्म हलायला तयार नव्हती.

मिथुनला काळजी या नव्या कोठाराची नव्हतीच. काळजी होती ती कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या एका जुन्या डिस्कची. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीचं, प्रांजलचं लग्न झालं, ते त्यानेच शूट केलं होतं. त्याचं ते पहिलं काम. त्याची आई गुणाबाई धवलारीण. उरणच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांत लग्न म्हटलं की आधी तिला सांगावा जायचा. तिने धवले गायल्याशिवाय हळद लागायची नाही की नवरी घराबाहेर पडायची नाही. लेकीच्या लग्नातही तीच गायली, आणि या शहाण्याने व्हिडिओ एडिट करताना आईच्या आवाजावर डीजेची गाणी चढवली. बाविसाव्या वर्षी त्याला तेच भारी वाटलं होतं. मूळ रेकॉर्डिंग तेवढं एका डिस्कवर पडून राहिलं. दोन वर्षांपूर्वी गुणाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलायची तेही कुजबुजत. तिचं गाणं त्या डिस्कशिवाय कुठेच उरलं नव्हतं, आणि डिस्क महिनाभरापासून टिकटिक करायला लागली होती.

"तिला आता अजिबात चालू करू नका," असं चारुताने फोनवरच बजावलं होतं. "नवी जागा तयार झाली की एकदाच जोडू आणि सगळं उतरवून घेऊ. दुसरी संधी देईल याचा भरवसा नाही."

चौथ्यांदा बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला. "असं नाही चालायचं. आता एकेकीला वेगळं विचारते."

तिने पहिल्या डिस्कला तिची माहिती विचारली. आजवर किती तास चालली? तीन तास. दुसरी, तीन तास. तिसरी, चौथी, पाचवीही तेवढीच. सहावीने उत्तर द्यायला सव्वा मिनिट घेतलं.

"एकोणीस हजार चारशे तास," चारुताने मोठ्याने वाचलं. "ही नवीन नाही हो."

"वापरलेली गळ्यात मारली!" मिथुन उसळला. "थांबा, त्या दुकानदाराला फोन लावतो."

"आधी बाहेर तर काढू."

तिने सर्व्हर बंद करून डिस्क ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं, तसं सगळ्यांवरच होतं. कडेला मात्र चिकटपट्टी ओरबाडून काढल्याचा डिंकाचा चौकोन होता. मिथुनने कानाला लावलेला फोन खाली घेतला. ती पट्टी त्यानेच चिकटवली होती आणि तिच्यावर प्रांजलचं नाव लिहिलं होतं. त्याने कपाट उघडलं, टॉवेल सोडला. आत कोरी करकरीत डिस्क निघाली.

"आये!"

स्टुडिओच्या मागेच घर होतं. गुणाबाई पदराला हात पुसत आली.

"या डिस्कांना तू काय केलंस?"

"पूजा केली," ती कुजबुजली. "नवीन वस्तू आली, हलद नको लावू?"

"सातही डिस्कांना?"

"मंग? नवरीला हलद लागते तवा करवलीला लावत नाय का? जुनीला एकटीला कसं वगलायचं? तिच्यावरचा कागद मलका झालता, त्यो काढला. मंग एक टॉवेलात बांधून ठेवली. कुठची ती मना कसं कलावं, सगल्या सारख्याच."

आणि सकाळी मिथुनने समोर दिसल्या त्या सहा उचलून सर्व्हरमध्ये बसवल्या होत्या. हळद लावलेली म्हणजे नवी, यात त्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. आईवर ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण चारुता आधी बोलली.

"त्यांची चूक नाही. सर्व्हरने मला विचारलं होतं. एका डिस्कवर जुनं काहीतरी दिसतंय, पुसू का? मला वाटलं, कारखान्यात तपासताना राहिलं असेल. मी हो म्हटलं." तिचे कान तापले. "तिन्ही वेळा."

मिथुनने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. ते तिला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. चारशे डिस्क सांभाळणाऱ्या बाईने न बघता होकार दिला होता आणि आता लपवायला जागा नव्हती.

"काय झालं?" गुणाबाईने विचारलं.

"काय नाय, आये. बस तू."

चारुताने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. फक्त वाचायचं, एक अक्षरही लिहायचं नाही, अशी सोय करून. डिस्क गुरगुरली, थांबली, टिकटिकली. मिथुन फरशीकडे बघत राहिला. पुन्हा टिकटिक झाली. मग पडद्यावर एक नाव उमटलं, त्याखाली दुसरं, तिसरं. मांडव. हळद. धवले.

"आहे," चारुता म्हणाली. "सगळं आहे!"

तिला इतकं हायसं वाटलं की तिने लॅपटॉपलाच हात जोडले.

"पण पुसलं कसं नाही?" मिथुनचा अजून विश्वास बसत नव्हता.

"सर्व्हर आधी सहाही जणींची हजेरी घेतो, मग पुसायला लागतो. ही हजेरीच देईना, म्हणून सगळं अडून राहिलं."

"म्हणजे जिच्यामुळे आपण तीन तास वैतागलो..."

"तिच्या म्हातारपणाने वाचवलं आपल्याला."

टॉवेलातल्या नव्या डिस्कवर तिने आधी धवले उतरवून घेतले, मग बाकीचं लग्न. दोन तास कोणी जागचं हललं नाही. मग तिने दुसऱ्या एका नव्या डिस्कवर त्याची आणखी एक प्रत केली आणि तेव्हा कुठे मिथुन चहा सांगायला उठला.

"आये, ऐकतेस?" कप ठेवता ठेवता त्याने विचारलं.

गुणाबाईने आधी नको म्हणून मान हलवली, मग म्हणाली, "लाव."

खोलीत आवाज भरला. भरदार, मोकळा, खाडीपल्याड पोचेल असा. चारुताने समोरच्या किडकिडीत बाईकडे बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. मिथुन सरळ रडत होता, डोळे पुसायच्या भानगडीत तो पडलाच नाही. गुणाबाई मात्र दुसऱ्याच कुणा धवलारणीला ऐकावं तशी ऐकत होती, मांडीवर बोटांनी ठेका धरून. एका जागी बोटं थांबली.

"बंद कर."

"काय झालं, आये?"

"हितं एक कडवं सुटलंय."

"डिस्क खराब झाली असेल..."

"डिस्कला काय करायचंय? मीच सोडलं. लेक बापाच्या अंगनातून निघते, ते कडवं. समोर प्रांजल बसलेली. तिच्याकडं बघितलं नि मना ते गावलंच नाय. तशीच पुढं गेले." ती दम घ्यायला थांबली. "त्या दिसापासून कवाच गायले नाय ते. दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नातबी नाय."

मिथुनने टेबलावरच्या डिस्कांकडे बघितलं. जुनी एक, नव्या दोन. तिन्हींत ते नव्हतं. तो खुर्ची सोडून आईच्या पायाशी फरशीवर येऊन बसला.

"येतं तुला अजून?"

"न यायला काय झालं?"

तिचे ओठ हलायला लागले. सूर नव्हता, नुसती हवा होती, पण एकामागून एक शब्द येत होते. मिथुनने कान तिच्या तोंडाशी नेला.

"पहिली ओळ परत सांग, आये."

"सांगते की," ती म्हणाली. "मी काय कुटं चाललेय?"