खिदळ्याचा आवाज

पूर्वा बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत भाड्याने राहायला आली तेव्हा खालच्या मजल्यावरचे शमशुद्दीनचाचा नुकतेच घरी बसले होते. पिंपरीच्या एका कारखान्याने त्यांच्या अख्ख्या खात्याला स्वेच्छानिवृत्ती देऊ केली होती, आणि ती नाकारायची सोय कुणालाच नव्हती. कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात ते गायचे. मग घशात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, पण आवाज परत आला तो फाटलेला. बोलताना मध्येच तुटायचा, वर चढताना खरखरायचा. तरी जिन्यात ते गुणगुणत असायचे.

पूर्वा एका ॲनिमेशन स्टुडिओत ध्वनीचं काम करायची. स्टुडिओचा मालक संजय तिच्याच वयाचा, हिंजवडीतली नोकरी सोडून आलेला. परदेशी कार्टूनची कामं करता करता त्याने स्वतःचा सिनेमा काढायला घेतला होता. लहान मुलांसाठी, भरपूर गाण्यांचा. त्याचा नायक एक तरस होता, खिदळ्या. टेकडीखालच्या गावाला त्याच्या हसण्याची दहशत. तो हसला की गावात काहीतरी वाईट होणार, असं सगळे मानायचे. खरं तर खिदळ्याला घाबरला की हसू फुटायचं. हे गावाला शेवटपर्यंत कळत नाही, अशी गोष्ट.

खिदळ्यासाठी बरेच गायक ऐकून झाले होते. सगळे सुरेल होते आणि कुणीच तरस वाटत नव्हतं. एका संध्याकाळी जिना चढताना पूर्वाने चाचांचं गुणगुणणं ऐकलं आणि ती तिथेच थांबली.

"चाचा, आमच्या सिनेमात गाल का?"

"माझा घसा म्हणजे करवत आहे. पोरं रडतील."

"तोच हवाय मला."

नूरबानूचाची आतून म्हणाल्या, "ने बाई त्यांना. दिवसभर घरात असतात. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा हेच मोजतात."

रेकॉर्डिंगच्या आधी चाचांनी तिखट बंद केलं, मध घेतला, आठवडाभर फोनवर कुणाशी मोठ्याने बोलले नाहीत. गाणी एका दमात झाली नाहीत. तार सप्तकात आवाज फुटायचा आणि ते माइकसमोरच माफी मागायचे. पूर्वा काचेपलीकडून म्हणायची, "फुटू द्या." जंगलात एकटा पडलेला खिदळ्या आपल्याच सावलीला गाऊन दाखवतो, ते गाणं झालं तेव्हा संजयनेसुद्धा ते पुन्हा लावायला सांगितलं. मग हसण्याची पाळी आली. चाचा आधी लाजले. मग घाबरून हसणारा माणूस कसा हसेल ते त्यांनी असं काही करून दाखवलं की पूर्वाच्या अंगावर काटा आला.

त्या दिवशी घरी जाताना ते रिक्षात म्हणाले, "ऑपरेशननंतर मी गाणं संपलं असं धरून चाललो होतो. तू बरी भेटलीस."

सिनेमा जवळपास पूर्ण झाल्यावर संजयने एक खास खेळ ठेवला. ज्या सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा लागला होता तिच्या सभागृहात, शनिवारी सकाळी, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी. सिनेमा संपल्यावर त्याने माइक फिरवला आणि सगळ्यांना मोकळेपणी मत द्यायला सांगितलं.

पहिली आई उठली. "चित्रं क्यूट आहेत. पण त्या प्राण्याचा आवाज फार डिस्टर्बिंग आहे. आमचा आयुष घाबरून मांडीवरच चढला."

"गाणी कॅची हवीत," मागून कुणीतरी म्हणालं. "ही पार्टीत लावता येणार नाहीत."

चष्मा लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "मुलांचा सिनेमा आहे की खोकल्याच्या औषधाची जाहिरात?" सभागृह हसलं. ते स्वतः हसले नाहीत.

नातवाला घेऊन आलेल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "मला तर तो गायला तेव्हा भरून आलं." पण त्यांनी माइक तोंडापासून लांब धरला होता, त्यामुळे ते पहिल्या रांगेपलीकडे गेलं नाही. शेवटी एक लहान मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "त्याला बरं नाहीये का?"

पूर्वाला वाटलं, बस, हेच हवं होतं. मुलीला खिदळ्याची काळजी वाटली. पण बाहेर पार्किंगमध्ये संजय म्हणाला, "बघ, लहान मुलीलासुद्धा तो आजारी वाटला."

"संजय, तिने काळजीने विचारलं."

"तू एकटी ऐकतेस तसं लोक ऐकत नाहीत, पूर्वा. फीडबॅक क्लिअर आहे. टीव्हीवरच्या स्पर्धेतला तो मुलगा घेऊ या. गोड गातो, नाव आहे."

ती भांडली, पण फार नाही. नोकरी होती, आणि सभागृहातलं ते हसू तिच्याही कानात राहिलं होतं. आपलंच चुकलं असेल असं तिला वाटायला लागलं होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "निदान हसणं तरी चाचांचं ठेव. त्या मुलाला तसं येणार नाही."

"ठेवू. पण चाचांना तू सांग. तूच आणलंस त्यांना."

"सांगते."

ती सांगू शकली नाही. त्या आठवड्यात चाचांच्या घरी मुलगा आणि सून आले होते, लोकांसमोर कसं सांगायचं म्हणून राहिलं. मग ईद आली. चाची शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "आता जेवताना मला चाली शिकवतात." पूर्वाने शिरखुर्मा खाल्ला, छान झालाय म्हणाली. चाचांची नात मेहजबीन दुसरीत होती. तिने वर्गात सांगून टाकलं होतं की सिनेमातला तरस म्हणजे आमचे दादा.

पोस्टर लागली. एका सकाळी चाचांनी पूर्वाला गेटपाशी गाठलं. मार्केट यार्डातून आणलेली भाजीची पिशवी त्यांच्या हातात होती आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"शुक्रवारी लागतोय. तुझ्याकडे पास मागणार नाही, मी तिकिटं काढली. कारखान्यातली आमची जुनी मंडळीपण येतायत. अख्खी रांग आपली."

आता सांगायलाच हवं होतं. पूर्वाने तोंड उघडलंही.

"चाचा, आवाजावर नंतर थोडं काम केलंय. अगदी तसाच नाहीये."

"करायलाच हवं होतं," चाचा म्हणाले. "मशिनने थोडा घासला असेल. बरं केलंस."

ती हो म्हणाली आणि स्कूटीला किक मारून निघून गेली.

शुक्रवारी ती जाणार नव्हती, पण राहवलं नाही. दिवे मालवल्यावर ती आत शिरली आणि मागच्या खुर्चीत बसली. समोर काही रांगा सोडून चाचांचं टोळकं दिसत होतं. इस्त्रीचे शर्ट, टोप्या, पांढरे केस, मध्ये मेहजबीनच्या दोन शेंड्या. पडद्यावर खिदळ्या गुहेतून बाहेर आला, त्याने मान वर केली आणि गायला लागला. आवाज तरुण होता, गोड होता, कुठेही तुटत नव्हता.

रांगेतल्या माना एकेक करून चाचांकडे वळल्या.

"दादा, हे तुम्ही नाही," मेहजबीन म्हणाली. तिला हळू बोलता येत नव्हतं. ते मागपर्यंत ऐकू आलं.

थोड्या वेळाने पडद्यावर गावकरी काठ्या घेऊन धावले आणि घाबरलेला खिदळ्या हसला. चाचींनी झटकन नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. "हे तुम्ही," मेहजबीन ओरडली, आणि कारखान्यातल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ते धरूनच ठेवलं. खिदळ्या घाबरून हसला की ती रांग टाळ्या वाजवायची आणि बाकीचं थिएटर वळून बघायचं. चाचा ताठ बसून पडद्याकडे बघत होते. पूर्वाला त्यांची फक्त मान दिसत होती.

मध्यंतरात ती खांबाआड उभी राहिली. चाचा सगळ्यांसाठी वडे घेत होते. एका मित्राने विचारलं, "शमशू, गाणी का नाही ठेवली रे?"

"मीच नको म्हणालो," चाचा म्हणाले. "झेपत नव्हतं घशाला. म्हटलं, दुसरा कुणी चांगला घ्या. त्या पोरीने फार आग्रह केला, मीच ऐकलं नाही."

वडे घेऊन वळताना त्यांना पूर्वा दिसली. क्षणभर ते थांबले. मग म्हणाले, "या ना, पूर्वाताई. आपणही घ्या."

ताई तिला त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, आणि आपण तर नाहीच.

सिनेमा बरा चालला. पेपरांत छापून आलं की गाणी गोड आहेत, मुलांना नेण्यासारखा आहे, तरसाचं पात्र आणखी रंगवता आलं असतं. कुणाचं काही चुकलं आहे असं कुणालाच वाटलं नाही. संजयने स्टुडिओत पेढे वाटले.

पूर्वाने मूळ गाण्यांची सीडी केली आणि एका रविवारी खाली गेली. चाचांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"चाचा, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"आपण कामात होता."

"कामात नव्हते. धीर झाला नाही."

चाचांनी पंख्याकडे पाहिलं. "लोकांना आवाज आवडला नाही, त्याचं मला काही नाही. मलाही तो आवडत नाही. पण पोरीने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं गं. गेटपाशी मी एवढी बडबड केली, तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर मी तिकिटं परत केली असती. चौघांत बसून मला टाळ्या ऐकाव्या लागल्या नसत्या." ते थांबले. आवाज तुटला होता, तो त्यांनी खाकरून नीट केला. "असो. चहा घ्या. गार होतोय."

सीडी तिने टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, परतही दिली नाही.

त्यानंतर जिन्यात गुणगुणणं ऐकू यायचं बंद झालं. भेटले की ते बाजूला होऊन वाट द्यायचे आणि तब्येत विचारायचे, अगदी रीतसर. चाची मात्र पूर्वीसारख्याच बोलायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "मनात नाही ठेवलेलं त्यांनी काही. फक्त पूर्वीसारखं होत नाही."

पुढच्या वर्षी मुलाने धायरीला मोठा फ्लॅट घेतला आणि सगळे तिकडे निघाले. टेम्पो भरून झाल्यावर चाचा वर आले आणि त्यांनी दारातूनच एक किल्ली पुढे केली. पूर्वा कधी किल्ली विसरली तर म्हणून ती त्यांच्याकडे ठेवलेली असायची.

"ही आपली. आता दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा."

"चाचा, मी येऊ का धायरीला? मेहजबीनला भेटायला?"

"या की," ते म्हणाले. "घर आपलंच आहे." पत्ता त्यांनी सांगितला नाही. तिनेही विचारला नाही, आणि ते जिना उतरून गेले.