हिरवा पट्टा राखाडी कसा झाला

मित्रांनो, मी एक जुना ध्वज आहे आणि स्वभावाने फार काळजीखोर आहे. वारा सुटला की आपण फाटणार, आणि वारा पडला की लोंबकळताना आपल्याला कोणी ओळखणार नाही, याच धास्तीत माझे आयुष्य गेले. पण आज मला जी काळजी लागली आहे ती माझ्या जिवाची नाही. म्हणून तुम्हाला सगळे सांगून टाकतो. वेळ थोडा आहे, त्यामुळे मध्येच कुठे घाई केली तर सांभाळून घ्या.

मी एका नदीकाठच्या शहराचा ध्वज. बावन्न वर्षांपूर्वी या नदीला मोठा पूर आला आणि सगळे शहर पाण्याखाली गेले. होड्यांनी माणसे पलीकडच्या तीरावर नेली. तिथे उंचावर एक मोठे कुरण आहे. एकोणीस दिवस सगळे शहर त्या कुरणावर राहिले. डॉक्टर, न्हावी, न्यायाधीश, गवंडी, सगळ्यांच्या चुली शेजारी शेजारी पेटल्या. शाळाही तिथेच भरली, त्यामुळे मुलांना वाटली होती तशी सुट्टी काही मिळाली नाही. पाणी ओसरल्यावर परतण्याआधी सगळ्यांनी हात वर करून ठरवले, की हे कुरण कायम मोकळे ठेवायचे. नदी पुन्हा कधीतरी येणारच, आणि तेव्हा जायला दुसरी उंच जागा नाही.

हे लिहून ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. नगरपालिकेच्या कागदपत्रांचा लगदा झाला होता. तेव्हा चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "कागद भिजतात. आपण हे ध्वजावर लिहू. रोज डोळ्यांसमोर राहील." अशी माझी सुरुवात झाली.

मास्तरांनी आधी माझ्यावर पूल, घड्याळाचा मनोरा, गव्हाच्या लोंब्या असे बरेच काही काढले होते. ते चित्र त्यांनी आपल्या सात वर्षांच्या भाचीला मिनिटभर दाखवले आणि मग पाठ फिरवून काढायला सांगितले. तिला फक्त होडी आठवली. मास्तरांनी निमूटपणे बाकीचे खोडून टाकले. लहान मुलाला आठवणीने काढता येत नाही तो ध्वज कसला, असे त्यांचे म्हणणे. शेवटी मी तीन आडव्या पट्ट्यांचा झालो. वर पांढरा, म्हणजे पाऊस थांबल्यावरचे आकाश. मध्ये निळा, म्हणजे नदी, आणि तिच्यावर काळी होडी. खाली हिरवा, म्हणजे कुरण. होडीचे तोंड काठीच्या बाजूला ठेवले, कारण उलटे ठेवले असते तर वाऱ्यात होडी मागे मागे चालल्यासारखी दिसली असती. हेडक्लार्कना माझ्यावर शहराचे नाव आणि सालही हवे होते. मास्तरांनी त्यांना विचारले, "तुम्ही घरच्या माणसांना गळ्यातली पाटी वाचून ओळखता का?" हेडक्लार्कनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मला शिवले ते बावीस वर्षांच्या एका शिंपीणबाईंनी. पुरात त्यांनी घरातले दुसरे काही नाही, फक्त शिलाई मशीन डोक्यावर घेऊन होडी गाठली होती. कापड मिळेल तिथून गोळा केले. निळे आणि काळे चांगले निघाले. हिरव्याचा रंग जरा कच्चा होता, पण त्या दिवसांत कोण नाक मुरडणार? मी पहिला, म्हणून मी नमुना. मला डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवायचे, आणि बाकीचे ध्वज माझ्याकडे बघून शिवायचे, असा नियम झाला.

पुढे एका वादळात नगरपालिकेच्या सज्ज्यावरचा ध्वज फाटला. दुसऱ्या दिवशी कोणी मोठे पाहुणे येणार होते. मग कपाटातून मला काढले आणि "दोनच दिवस" म्हणून काठीवर चढवले. पाहुणे आले, गेले. मला उतरवायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मी तिथे अकरा वर्षे राहिलो.

सज्जा पश्चिमेला होता. दुपारनंतर ऊन थेट अंगावर यायचे. निळ्याने तग धरला, काळ्याने धरला, हिरवा मात्र फिका पडत गेला. आधी त्यातला पिवळेपणा उडाला, मग उरलेलेही विटले. मला ते कळत होते. नवे ध्वज लागले की हेडक्लार्क मला उतरवून कापडाच्या दुकानात नेत आणि कापडाला कापड लावून रंग जुळवत. दुकानदार चार-चार तागे उलगडून अगदी हुबेहूब कापड काढून द्यायचा. कोणीही कामात कसूर केली नाही, हेच तर माझे दुखणे आहे. ध्वज निळसर हिरवे झाले, मग फिके, आणि एके वर्षी चक्क राखाडी.

तोवर मास्तर वारले होते. शाळेच्या पुस्तकात धडा आला, की आपल्या ध्वजातील राखाडी रंग दगडी इमारतींचे आणि कष्टाचे प्रतीक आहे. कोणी म्हणे तो गिरण्यांचा धूर. मुले ते पाठ करायची आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळायचे. मला भिंतीवरून खाली उडी मारावीशी वाटे. एव्हाना मला सभागृहाच्या भिंतीवर आणून लावले होते.

आणि मग या वर्षी माझ्याच खाली टेबलावर नकाशे पसरले जाऊ लागले. त्या कुरणावर काँक्रीट घालून ट्रकतळ करायचा बेत होता. नकाशावर त्या जागेचे नाव लिहिले होते, 'रिकामी जागा'. सभागृहाच्या खिडकीतून मला पुलाचे खांब दिसतात. पाण्याची खूण गेली तीन वर्षे दर वर्षी वर सरकते आहे. माझा जीव टांगणीला लागला. मी तसाही टांगलेलाच असतो, त्यामुळे कोणाला काही फरक जाणवला नाही.

त्यावर मत घेण्याच्या बैठकीआधी नगराध्यक्षांचे लक्ष माझ्या उसवलेल्या खालच्या कडेकडे गेले. त्यांनी मला दुरुस्तीला पाठवले ते त्याच शिलाईच्या दुकानात. आता ते शिंपीणबाईंची लेक चालवते. तिने कडेची दुमड उसवली आणि हात थांबवला. दुमडीच्या आत, जिथे बावन्न वर्षांत ऊन पोचले नव्हते, तिथे बोटभर हिरवा होता.

ती मला घेऊन आईकडे गेली. बाईंना आता डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी मला खिडकीशी धरले, टाके चाचपले, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. "हे माझे टाके," त्या म्हणाल्या. "आणि हे आपलं कुरण. राखाडी कधी झालं गं?"

लेकीने सगळे विचारून घेतले. पूर, एकोणीस दिवस, वर झालेले हात. ऐकता ऐकता तीच घाबरली. ट्रकतळाची बैठक दुसऱ्या दिवशीच होती.

दोघी मला घेऊन सभागृहात आल्या. बाई जिन्यात तीनदा बसल्या. सभेत चौथा विषय ध्वजाचे रंग कायमचे ठरवण्याचा होता. लेकीने दुमड उघडून दाखवली आणि बाईंनी सगळे सांगितले. सभासद उठून जवळ आले, हिरव्याला बोट लावून गेले. एकजण म्हणाले, आम्ही तर शाळेपासून राखाडीच पाहिला. पण मत सगळ्यांनी हिरव्याला दिले. टाळ्या झाल्या, बाईंसोबत फोटो निघाले. मला वाटले, सुटलो.

नगराध्यक्षांनी पान उलटले. पाचवा विषय, ट्रकतळ. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. आणि मित्रांनो, टाळ्या वाजवलेले तेच हात वर जायला लागले. कोणाच्या मनात कपट नव्हते. त्यांच्या लेखी तो वेगळा विषय होता.

लेक माझ्याशेजारी उभी होती. तिने कात्री काढली आणि माझा राखाडी पट्टा सगळ्यांसमोर उसवायला घेतला. टाके तुटण्याचा आवाज होत होता. हात अर्ध्यावर थांबले. पट्टा वेगळा झाल्यावर तिने तो घडी करून पिशवीत टाकला.

"नवा हिरवा शिवायला मी तयार आहे," ती म्हणाली. "पण जे राहणारच नाही, ते मी कापडावर शिवणार नाही. तुमचं आधी ठरू द्या."

नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पाचवा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक आता आठवड्यावर आली आहे. काय होईल ते मला खरोखर माहीत नाही, आणि भीती वाटते आहे.

मित्रांनो, तुमच्याही शहराला ध्वज असेल. त्याच्या एकेका रंगाला बोट लावा आणि घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कशाचा? ती आहेत तोवरच विचारा. उत्तर मिळाले की तेवढ्यावर थांबू नका. ती गोष्ट अजून जागेवर आहे का, हे स्वतः जाऊन बघा. आम्हाला धुऊन, इस्त्री करून उंच चढवलेत तरी आम्ही कापडच. जपायचे ते आमच्याबाहेर असते.

मला पुन्हा भिंतीवर लावले आहे, दोनच पट्ट्यांचा. वर आकाश, खाली पाणी, आणि पाण्यावर माणसांनी भरलेली होडी. तिला लागायला तीर नाही.