मुंगी न आलेली जमीन

"न्हाई आली! एक बी मुंगी न्हाई आली!"

लिंबाजीनं आरोळी ठोकली आणि शे-दीडशे माणसांनी गाळावर हात टेकले. गर्दीच्या मधोमध होती तातेरावांची लघवी. हसू नका. त्या दिवशी गावानं तिला नमस्कार केला.

१९४१ साल. कयाधू नदीच्या पुरानं खालची आळी धुऊन नेली, त्याला दहा दिवस झाले होते. गर्दीपुढं उभा असलेला हा बाबा म्हणे त्याच पुरात खाटेवर बसून वाहत आला. मी त्याला कळमनुरीच्या छकड्यातून उतरताना पाहिलं होतं. धोतराला चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"मुंग्या म्हंजे मधुमेहाच्या दासी!" बाबा गरजला. "रानी निघून गेली, दासी कशाला थांबतील? तीन दिन मेरा दिया तीर्थ पिया, बीमारी खतम! सुई बंद. गूळ खा, पोळी खा!"

*

हे आधी सांगायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी तातेरावांच्या लघवीला मुंग्या लागल्या, त्यावरूनच आजार कळला. हिंगोलीच्या डॉक्टरनं इन्सुलिनची सुई लिहून दिली आणि ती टोचायला मला शिकवलं. मी गावात शाळामास्तर, परका, एकटा. त्यांची बायको वारलेली, लेक अनुसया सेनगावला दिलेली. रोज सकाळी मी पाण्यात सुई उकळायची, त्यांनी दंड पुढं करायचा, मग दोघांचा चहा. माझ्या दिवसातलं बोलणं बहुतेक तेवढंच.

पुरात औषधाची पेटी गेली. वाट मोकळी होताच मी चालत हिंगोलीला जाऊन दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. तोवर बाबा आला होता.

*

"मास्तर, ती बाटली परत न्या."

"तातेराव, पाय दाखवा."

"काहून?"

"वास येऊन राहिला."

"गाळाचा हाय."

"पुरात पायाला झालेल्या जखमेचा आहे."

"दोन वर्सं तुमी मला टोचून राहिले. बाबानं एक डाव बी टोचलं न्हाई. उद्यापासून येऊ नका."

*

सकाळ. पाणी उकळलं. जायचं कुठं?

*

त्या दिवशी शाळेच्या पायरीवर मी एकटाच भाकरी खाल्ली. शाळा खालच्या आळीत, पायरीभोवती वीतभर गाळ. गुळाचा खडा खाली पडला. संध्याकाळी पाहिलं, तो तसाच होता. एरवी घटकाभरात मुंग्यांनी काळा झाला असता.

मी तो खडा उचलला आणि बाबाभोवतीच्या गर्दीत गेलो.

"बाबा, हा इथंच गाळावर ठेवतो."

अर्धा तास झाला. मुंगी नाही.

"अगं बाई!" चांगुणाबाई म्हणाली. "गुळाचा मधुमेह बी बरा झाला काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबानं डोळे मिटून घेतले.

मग मी वरच्या आळीतल्या मारुतीच्या पाराकडं बोट दाखवलं, "आता तेच तिथं करून पाहू." तिथवर पाणी चढलं नव्हतं. तातेराव रागानंच उठले, लंगडत तिथल्या आडोशाला लघवीला गेले. तिथंच मी गुळाचा दुसरा खडा ठेवला. थोड्याच वेळात मुंग्यांच्या दोन काळ्या रांगा निघाल्या. एक गुळाकडं, एक तातेरावांच्या लघवीकडं.

"ह्या वरच्या आळीच्या मुंग्या नास्तिक हायेत!" बाबा ओरडला.

"मुंग्यांना देव-धर्म नसतो," मी म्हणालो. "खालची वारुळं गाळात बुजली. मुंग्याच उरल्या नाहीत, तर येणार कोण? आजार गेलेला नाही. साखर होती तिथंच आहे."

तातेराव त्या रांगेपाशी वाकले. मग त्यांनी बाही वर केली.

"टोचा, मास्तर. लेकीला भेटायचं हाय अजून."

*

पायाची दोन बोटं हिंगोलीला कापावी लागली. तातेराव जगले. अनुसया त्यांना सेनगावला घेऊन गेली, सुई टोचायलाही शिकली. बाबा दुसऱ्याच दिवशी निघाला. खाटेवरून नव्हे, छकड्यातून.

मी अजून सकाळी पाणी उकळतो. त्याचा एकट्यापुरता चहा होतो.

वाचणाऱ्यांनो, मागणं एवढंच. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी शंभर पावलं चाला, कोरड्या जमिनीवर जा, आणि तेच पुन्हा करून पाहा. औषध तोवर बंद करू नका. आणि गर्दीत कुणी एकटाच "थांबा" म्हणत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा.