चाराचे चौदा

शाळेत सगळे त्यांना 'कितीपट बाई' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत. एखादा मुलगा कौतुकाने सांगायचा, "बाई, माझा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे," की बाई लगेच विचारायच्या, "किती पट मोठा?" स्टाफरूममध्ये एका शिक्षिकेने आपलं वजन पाच किलोने वाढल्याचं दुःख मांडलं, तेव्हाही बाईंच्या तोंडून तोच प्रश्न निघाला. वजनाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा नसतो, एवढा साधा हिशेब काही त्यांना अखेरपर्यंत जमला नाही.

पण खोड लागली होती ती उगाच नव्हे. गुणोत्तर शिकवायला घेतलं की सातवीची मुलं दर वर्षी त्याच खड्ड्यात पडायची. चाराचे चौदा झाले, तर सहाचे किती? साडेतीन पट, म्हणून एकवीस. पण निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगायचा, सोळा! दहा वाढले ना, मग इथेही दहा वाढवा. फळ्यावर कितीही घसा कोरडा करा, मुलं मान डोलवायची आणि वहीत पुन्हा बेरीज करायची.

बाई नव्याने लागल्या होत्या तेव्हा एकदा या दुखण्याने अगदी रडकुंडीला आल्या होत्या. स्टाफरूमच्या कोपऱ्यात ब्रश धूत बसलेले चित्रकलेचे सर ते ऐकत होते. फार बोलणारा माणूस नव्हे. ते एवढंच म्हणाले, "त्यांची चूक त्यांना दिसतच नाही ना. डोळ्यांनी दिसू द्या की."

मग दोघांनी मिळून एक उद्योग केला. सरांनी घोड्याचं चित्र काढलं, त्याचे वेडेवाकडे तुकडे कापले आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक ठेवला. नियम एकच. छोट्या चित्रात जे चार सेंटिमीटर आहे, ते मोठ्या चित्रात चौदा झालं पाहिजे. प्रत्येकाने आपापला तुकडा घरून मोठा करून आणायचा, शेजाऱ्याला विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागच्या भिंतीवर तुकडे लागले आणि जो घोडा उभा राहिला, त्याला बघून शिपाईकाका शिडीवरून पडता पडता वाचले. एक पाय हत्तीचा, एक बगळ्याचा, आणि मानेचा धडाशी काडीचाही संबंध नव्हता. मुलं पोट धरून हसली आणि मग आपणहून कामाला लागली. कुणाचा तुकडा बसत नाही, का बसत नाही, तू काय केलंस, मी काय केलं. सर कुणालाच 'चुकलं' म्हणायचे नाहीत. 'काय केलंस ते सांग' म्हणायचे आणि खळ ढवळत ऐकायचे. त्या तासाला बेरीज मेली. बाईंना वाटलं, आपण इतकी वर्षं कॉलेजात काय शिकलो कोण जाणे.

त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. घोड्याने जमवलेलं लग्न, अशी चेष्टा स्टाफरूममध्ये पुढे कितीतरी वर्षं चालली. सातवीचं भिंतीवरचं चित्र हा शाळेचा रिवाजच होऊन बसला. बोट झाली, घुबड झालं, पुराच्या पाण्यातला पूल झाला. मोजायचं काम बाईंचं, बघायचं काम सरांचं. तुकडा लावला की सर दूर जाऊन एक डोळा मिटून उभे राहायचे आणि बाई फूटपट्टी घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघायच्या.

यंदा बघणारं कुणी नव्हतं. सर गेल्या वर्षी गेले. बाईंनी ठरवूनच टाकलं होतं, आता चित्र नको, फळ्यावर शिकवू आणि मोकळं होऊ. पण सातवीची मुलं हट्टाला पेटली. वर्गप्रतिनिधी उभी राहून म्हणाली, "बाई, यंदा सरांचंच चित्र करू या. प्लीज!"

मुलांना काय ठाऊक, बाईंची रोजची भीती कोणती होती ती! अलीकडे सरांचा चेहरा आठवायला गेलं की तो अख्खा म्हणून यायचाच नाही. कपाळ यायचं तर हनुवटी निसटायची. कान नीट आठवायचे, डोळे धूसर. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं काढणाऱ्या माणसाचा धड फोटोही घरात नव्हता. कॅमेरा दिसला की ते पाठमोरे व्हायचे. शाळेच्या ओळखपत्रावरचा तेवढा एक. आता त्यावरून मुलांनी भलामोठा चेहरा केला आणि तो वाकडातिकडा झाला तर? तोच मनात घट्ट बसला, तर उरलासुरला खराही पुसला जाईल. बाईंना रात्रभर झोप लागली नाही. पण नाही म्हणणं हे त्याहून वाईट वाटलं. सकाळी त्यांनी ओळखपत्र पर्समध्ये टाकलं.

फोटो झेरॉक्सवर कागदभर वाढवला, तुकडे कापले, चिठ्ठ्या टाकल्या. ओठांचा तुकडा नेमका बेरीजताईच्या वाट्याला आला. हे नाव तिला वर्गानेच ठेवलं होतं. पोरगी हुशार, कष्टाळू, पण चाराचे चौदा म्हटलं की सहाचे सोळा असं तिचं डोकं आपोआप धावायचं. सरावाच्या साऱ्या उदाहरणांत तिने दहा मिळवले होते. बाईंच्या मनात आलं, चिठ्ठी बदलावी. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "नीट कर गं," एवढं त्या म्हणाल्या.

तुकडे लावायचा दिवस आला. शिपाईकाकांनी शिडी धरली. बाई स्वतः खळ लावून एकेक तुकडा भिंतीवर चढवू लागल्या. कपाळ आलं, भुवया आल्या. एका मुलाचा कान दोन बोटं मोठा निघाला, त्याने काय केलं ते सांगितलं, वर्ग हसला, कान घरी परत गेला. डोळे लागले तेव्हा बाईंनी क्षणभर शिडीचा दांडा घट्ट धरला. हेच ते. अगदी हेच. नाकही बरोबर बसलं.

मग बेरीजताईचा तुकडा. कडा शेजारच्या तुकड्यांना चिकटून बसल्या. बाई खाली उतरल्या, सर जायचे तितक्या दूर गेल्या, आणि त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. हे तोंड सरांचं नव्हे. आखूड होतं, बारीक, आवळलेलं.

"तू कडा शेजाऱ्यांच्या बघून जुळवल्यास," बाई म्हणाल्या, आवाज नको इतका चढला, "आणि आतली रेघ मात्र बेरजेने काढलीस! पाचात दहा मिळवलेस. पंधराचं तोंड काढलंस तू."

मुलगी पांढरीफटक पडली. पण जागची हलली नाही. "नाही बाई. साडेसतरा आहे."

"असूच शकत नाही."

"बाई, तुम्ही मोजा ना."

बाईंनी तणतणत फूटपट्टी उचलली. छोट्या चित्रातली ओठांची रेघ मोजली, पाच. भिंतीवरची मोजली, साडेसतरा. पुन्हा मोजली. चाराचे चौदा, दोनाचे सात, पाचाचे साडेसतरा. केसाएवढाही फरक नव्हता. ज्या मुलीने आजवर गुणोत्तराचं एकही उदाहरण धड सोडवलं नव्हतं, तिने सरांचं तोंड अचूक काढलं होतं.

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के बरोबर. मी उगाच ओरडले."

मुलीच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्याबरोबर धीरही. "मग बाई, तुम्ही काय केलंत? तुम्हाला ते आखूड का वाटलं?"

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. त्या ओळखपत्रावर सर फोटोवाल्यापुढे कंटाळून, ओठ मिटून बसले होते. बाईंनी मात्र ते तोंड कधी फार वेळ मिटलेलं पाहिलंच नव्हतं. जेवताना, भांडताना, ब्रश धुताना, शेवटी शेवटी दवाखान्यातसुद्धा, बाईंचं काहीतरी चुकलं की ते हसायचे. हसताना ओठ लांब होतात. म्हणजे आपण विसरलो नव्हतो. आपल्याला फोटोतला माणूस आठवतच नव्हता, घरातला आठवत होता. बाईंना एवढं हलकं वर्षभरात वाटलं नव्हतं.

"मी हसतानाचं तोंड मोजलं," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून. तुमचे सर फार हसायचे रे."

"आम्ही कधी नाही पाहिलं," मागून कुणीतरी म्हणालं. "वर्गात तर गप्प असायचे."

"मग पुसून हसरं काढू का?" बेरीजताईने विचारलं.

"नको. चित्र फोटोचं आहे आणि तू ते चोख काढलंयस. त्याला कुणी हात लावायचा नाही."

"मग सर हसायचे कसे, बाई?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. मुख्याध्यापक आसपास नव्हते. त्यांनी करून दाखवलं. आधी नुसते खांदे हलले, आवाज नाहीच. मग नाकातून एक शिट्टीसारखा फुत्कार, मग तोंड कानापर्यंत फाकलं आणि मान मागे पडून असा काही खिंकाळल्यासारखा आवाज निघाला की शिपाईकाका म्हणाले, "अरे देवा, हे तर सरच!" अख्खा वर्ग फुटला. बाईही थांबेनात. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती, दोन्ही हात खळीने बरबटले होते. शेवटी बेरीजताईच पुढे झाली आणि तिने आपल्या रुमालाने त्यांचे गाल पुसले.