लिफ्टमधली आत्या आणि मुंगी

दादाच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली, की ब्रह्मदेव आला तरी ती निघायची नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, घरात रोज वाचून दाखवा, मुलांचे शब्द वाढतात. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा. घरात पुस्तक एकच, लिफ्टचं माहितीपुस्तक. झालं! रोज सकाळी चहा झाला की लेकीला, मुंगीला, मांडीवर घ्यायचं आणि घडाघडा वाचत सुटायचं. तिने मध्येच "म्हणजे काय?" विचारलं, की हा म्हणायचा, मध्ये बोलू नकोस, ओळ चुकते. चार वर्षांची पोर 'भारवहन क्षमता' म्हणायला लागली. शेजारीपाजारी तोंडात बोटं घालायचे आणि दादाची छाती फुगायची. आत्या म्हणायची, लेक नाही, पोपट पाळलायस. पण भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीचं ऐकतंय कोण?

एका दुपारी आत्या मुंगीला बालवाडीतून घरी आणत होती आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. दिवा गेला, पंखा गेला. आत्या म्हणजे न्हाणीघराची कडीसुद्धा न लावणारी बाई! छातीवर कुणी धोंडा ठेवावा तसं तिला झालं. घंटेचं बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. फोनला रेंज नाही. भिंती जवळ येतायत असं वाटलं, श्वास पुरेना, आणि तिने दाराच्या फटीत बोटं घातली.

"दार जबरदस्तीने उघडू नये," अंधारातून मुंगी म्हणाली. "शांत राहावे. घाबरू नका. मदत येत आहे."

माहितीपुस्तकातलं एक अक्षर चुकलं नाही. आत्याने ओशाळून हात मागे घेतला. दादाचंच खरं म्हणायचं, पोर बघा कशी खंबीर, आणि आपण एवढी घोडी होऊन थरथरतोय. तिने चाचपडत मुंगीचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. फ्रॉक मागून ओला झाला होता.

"आत्या," मुंगीने हळूच विचारलं, "घाबरू नका म्हणजे काय करायचं नाही?"

पोरीने रोज ऐकलेला शब्द, आणि त्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. आत्या तशीच खाली बसली, मुंगीला कुशीत घेतलं आणि तिचा तळवा आपल्या छातीवर ठेवला.

"धडधडतंय ना? हात गार पडतात, शू होते, रडावंसं वाटतं. त्याला घाबरणं म्हणतात. मी आत्ता घाबरलेय."

"पण तू तर मोठी आहेस."

"मोठी माणसंही घाबरतात गं."

मुंगीने तळवा आणखी घट्ट दाबला. मग म्हणाली, "मग मी पण," आणि तिने जे भोकाड पसरलं! आत्याही रडली. भिंती होत्या तिथेच होत्या, हवा तितकीच कोंदट होती, फक्त आता दोघी एकाच गोष्टीत अडकल्या होत्या.

बऱ्याच वेळाने वर खडखडाट झाला, लिफ्ट हळूहळू खाली सरकली आणि दार उघडलं. समोर दादा, घामाने निथळलेला, हात ग्रीसने माखलेले. त्याने मुंगीला उचललं आणि हसत विचारलं, आत्याला सगळे नियम सांगितलेस ना?

"बाबा, मी घाबरले होते. तू घाबरलास?"

"छे! मी कशाला घाबरतोय?"

मुंगीने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ती आत्याकडे वळली.

"हा पण घाबरलाय," ती म्हणाली. "घाबरणं म्हणजे काय ते याला सांग ना."