पेंचोचा वाटा

माझा जावई दिमो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी त्याला केव्हाच सरळ केलं असतं. चांगल्या माणसाला सरळ करणं फार जड जातं. तो प्लोव्हदिव्हचा. फरशी बसवतो, हात सोन्याचा, खिसा फाटका. कामाचे पैसे मिळाले की आधी कॅफेत जाणार आणि टेबलावरच्या सगळ्यांना पाजणार. नवे बूट घेतले, पाजा. मित्राला मुलगा झाला, मित्र पाजतोच, तरी आपणही पाजा. ही रीत सगळ्या देशाची आहे, पण आम्ही गाब्रोवोची, चिक्कू म्हणून देशभर प्रसिद्ध असलेली माणसं ती बेताने पाळतो. चौतीस वर्षं मी गिरणीत रोखपाल होते. बेताने म्हणजे किती, ते मला स्टोटिंकीपर्यंत, म्हणजे पैपर्यंत सांगता येतं.

मार्चमध्ये माझ्या नातीचा, दारिनाचा खोकला महिनाभर हटला नाही. मुलगी, जावई आणि ती माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात, माझी बहीण गेल्यावर मागे राहिलेल्या घरात. दारिनाच्या खोलीची खिडकी उत्तरेकडे. लाकूड इतकं कुजलेलं की फटीतून बोट बाहेर जातं. नवी खिडकी आणि बाल्कनीचं दार मिळून चौदाशे लेव्ह, असं कारागिराने सांगितलं. हा भाव ऑक्टोबर संपेपर्यंत, पुढे वाढणार. मुलीचा, रुम्यानाचा पगार वीज, किराणा आणि औषधांत विरघळतो. दिमोचं उत्तर ठरलेलं होतं: एखादं मोठं काम मिळू दे, मग बाजूला टाकतो.

मी त्याला चार महिन्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. सहाशे मिळवले त्या महिन्याची शिल्लक शून्य. सोळाशे मिळवले त्या महिन्याचीही शून्य.

"यात कमाईचा दोष कुठे दिसतो, ते तेवढं दाखवा, जावईबापू," मी म्हटलं.

तो कागद उलटसुलट करत राहिला. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं.

आता खरं सांगते. माझ्या कपाटात चादरींखाली पंधराशे लेव्ह आहेत, माझ्या अंत्यविधीचे. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांकडे असतात. ते काढून दिले असते तर खिडकी आठवड्यात बसली असती. पण पुढच्या वर्षी दुसरं काही कुजलं असतं, आणि मला दोनदा मरता येत नाही.

म्हणून मी त्याला पाजू नकोस असं म्हटलं नाही. मिरच्यांच्या चटणीची एक मोठी रिकामी बरणी धुतली आणि त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, हीसुद्धा तुझ्या टेबलावर बसलीय असं समज. त्यांना जेवढ्याचं पाजशील, तेवढंच त्याच दिवशी हिलाही.

तो पोट धरून हसला, आणि बरणीचं नाव पेंचो ठेवलं. "टेबलावरच्या माणसाला कोरडं ठेवायचं नाही, एवढं तर आम्हाला प्लोव्हदिव्हमध्येही शिकवतात, आई."

पहिल्याच शनिवारी त्याने अठ्ठेचाळीस लेव्हचं पाजलं. घरी आला तेव्हा खिशात एकोणीस. पाहुण्याला दाराबाहेर उभं केल्यासारखा चेहरा करून तो बरणीसमोर उभा राहिला. एकोणीस टाकले, उरलेल्या एकोणतीसची चिठ्ठी लिहून टाकली, आणि पुढच्या आठवड्यात ती सोडवली. त्यानंतर तो मागवायच्या आधीच मनात दुप्पट करू लागला. रकिया या कडक दारूच्या जागी कॉफी आली, सहाच्या जागी तीन माणसं आली. काम बारीक मिळालं की चार-पाच लेव्ह टाकून म्हणायचा, पेंचो आज कॉफीवर आहे. ते पाहून रुम्यानाही पगाराच्या दिवशी, किराण्याआधी, वीस टाकू लागली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बरणीत अकराशे ऐंशी होते. दोनशे वीस कमी. दिमोला एका न्हाणीघराचे तीनशे दहा मिळाले, आणि मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात कॅलेंडर दिसलं. सव्वीस तारीख, संत दिमितरचा दिवस, म्हणजे आमच्या दिमोच्या नावाचा दिवस. त्या दिवशी लोक न बोलावता येतात, आणि ज्याच्या नावाचा दिवस त्याने हात आखडायचा नसतो. मागच्या वर्षी त्याने तीनशे उडवले होते.

सव्वीसला दुपारी मी चादरींखालून दोनशे वीस काढले, एप्रनच्या खिशात घातले आणि वर गेले. तो चुकला तर मी हरायचं आणि बरणी भरून द्यायची, असं ठरवूनच.

टेबलाच्या मानाच्या जागी, खुर्चीवर दोन उशा रचून पेंचो बसवला होता. समोर त्याचा ग्लास. बाकी घेवड्याचं सूप, कोबीचं लोणचं, रुम्यानाने केलेली चीजची पोळी. रकिया शेजारच्या वेलिकोने घरी गाळलेली, तोच घेऊन आला होता. नऊ माणसं जमली आणि दिमो उठला.

"आज आधी पेंचो प्यायला. दोनशे वीस एका घोटात. उरले नव्वद, त्यात तुम्ही सगळे. कमी पडलं तर भांडण त्याच्याशी करा."

मग वेलिको म्हणाला, "त्सोनाबाई, पोरगा हातचा गेला. पार गाब्रोवोचा करून टाकलात." आणि हशा उसळला. हसता हसता वेलिकोने वीसची नोट काढून बरणीकडे हात नेला. दिमोने झाकणावर तळवा ठेवला.

"ती खिशात घाल. हा फक्त आमच्या घरच्यांच्या हातून पितो."

माझा हात एप्रनच्या खिशातच राहिला.

तीस तारखेला खिडकी बसली. दारिनाने फट शोधायला बोट फिरवलं आणि फट नाही म्हणून जरा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी मी जावयाला कॅफेत नेलं. तो जावई झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी पैसे दिले. मालकाने नोट उजेडात धरून पाहिली. दोन कॉफी, तीन लेव्ह वीस.

घरी आल्यावर दिमोने रिकामी बरणी माझ्यापुढे सरकवली.

"आई, पेंचो कोरडा बसलाय."

मी म्हटलं, खिडकी तर झाली. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे मान वळवली. तिचंही लाकूड बोटाने उकरता येतं.

मी पर्स उघडली आणि तीन लेव्ह वीस मोजून टाकले. तळाशी पहिली नाणी माझी आहेत, याची मी नोंद ठेवली आहे.